खुंटीवरची फाईल

१

छगन पाटलाचं डोकं धडाला जेमतेम चिकटून होतं, आणि त्याची अमेरिकेची फाईल तिथून चार हातांवर खुंटीला टांगलेली होती. फाईलवर रक्ताचा एक थेंबही नव्हता.

"ताई, शिक्का तुमचा आहे म्हणून बोलावलं," फौजदार करणसिंग वळवी म्हणाले. "कागद ओळखून द्या."

मी ॲडव्होकेट रमिला चौधरी. शहाद्यात एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझं ऑफिस आहे. पंचवीस वर्षं मी एकच काम करते, माणसांना कायमचं देशाबाहेर पाठवायचे कागद. तिकडची बाजू तिकडचा वकील सांभाळतो. इकडचे जन्मदाखले, लग्नाचे पुरावे आणि नावातल्या चुका माझ्याकडे. आमच्या गुजर घरांतली कितीतरी पोरं माझ्या टेबलावरून अमेरिकेला गेली. मी स्वतः मात्र नाशिकच्या पुढे फारशी गेले नाही. हलवाई स्वतःची मिठाई खात नाही, तसलाच प्रकार.

ब्राह्मणपुरीच्या शिवारातली ही छगनची केळीची बाग. दुपारचे दोन वाजले होते. मोटारीच्या खोलीसमोर सिमेंटचा हौद आहे. जेवून झाल्यावर छगन त्यात हात धुवायला वाकला असावा, कारण पहिला घाव मागून मानेवर बसला होता. दुसऱ्याने खांदा फुटला होता. तिसरा तो पडल्यावर टाळूवर घातला होता, आणि तो नसता घातला तरी चाललं असतं. मोटार कोणी बंद केली नव्हती. हौद भरून वाहत होता, आणि लालसर पाणी पाटाने थेट केळीच्या ओळीत जात होतं. मी तोंडाला पदर लावला.

कोयता पाटाच्या गाळात सापडला. तो सालदार बाज्याचा होता. बाज्या तोरणमाळकडचा पावरा आदिवासी, सहा वर्षं छगनकडे सालाने राबत होता. केळीचे घड मोजून तो खालच्या तुकड्यातून वर आला, तर मालक पडलेला. त्याने मालकाचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोंब ठोकली. शेजारच्या शेतातून माणसं धावून आली, तर समोर रक्ताने माखलेला बाज्या. त्यांनी विचारलं काही नाही. फावड्यांच्या दांड्यांनी त्याला एवढं बडवलं की वळवी पोहोचले तेव्हा त्याच्या डाव्या डोळ्याच्या जागी नुसता चेंदा होता.

"जगला तर आरोपी, मेला तर केस बंद," वळवी म्हणाले. "गावाला दोन्ही चालतं."

मुंबईच्या वकिलातीतली छगनची मुलाखत अकरा दिवसांवर आली होती. त्याचा थोरला भाऊ मगन जॉर्जियात असतो. त्याने दोन हजार सहा साली भावासाठी ग्रीन कार्डचा अर्ज टाकला होता. एकोणीस वर्षं वाट पाहून आता नंबर लागला होता. अर्जात छगन, बायको सरलाबाई आणि बावीस वर्षांची मुलगी कामिनी. वयाचा हिशोब काढून कामिनीला मी कशीबशी बसवली होती. मुलगा ललित एकतीसचा, लग्न झालेला. त्याला जागा नव्हती.

माझी एक पद्धत आहे, आणि तिचा मला गर्व होता. नंबर लागला की मी पक्षकाराच्या घरी जाते, सगळ्या अटी मोठ्याने वाचून दाखवते आणि प्रत्येकाची सही नाहीतर अंगठा घेते. दिवाळीत छगनच्या ओट्यावर बसून मी वाचलं होतं. घरातून सरलाबाईंच्या हातची गरमागरम भजी एकामागून एक येत होती. सातवी अट मी नेहमीसारखी दोनदा वाचली. ज्याच्या नावाने अर्ज आहे तो माणूस व्हिसाआधी वारला, तर अर्ज त्याच्याबरोबर संपतो. बायकोला काही नाही आणि मुलांनाही काही नाही.

म्हणजे छगनबरोबर ती फाईलही मेली होती. मग तिला रक्त लागू नये एवढी काळजी कोणी घेतली?

२

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडलं तर पायरीवर बाज्याची बायको बसलेली. रूपलीबाई. तिच्या केसांना आणि लुगड्याला जळकट वास येत होता.

"झोपडी पेटवली," ती म्हणाली. पावरी माणसं कलेक्टरलाही अरेतुरे करतात. त्यात अपमान नसतो. "शेठच्या चुलतभावाने, धुडकूने पेटवली. मी शेळी सोडली आणि पळाली. बाई, तू वकील आहे. बाज्याने नाही मारला."

"बाई, मी परदेशाची वकील आहे. खुनाचं मला काही कळत नाही."

"तू त्या शेठला अमेरिकेला पाठवत होती ना? मग माझ्या माणसाला घरी नाही पाठवता येत?"

मी तिला आत घेतलं आणि चहा मागवला. बाज्याचं आणि छगनचं आठवड्यापूर्वी वाजलं होतं हे तिने लपवलं नाही. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल ठरतं. छगनने मध्येच साल मोडायला सांगितलं होतं, कारण तो चालला होता. बाज्या चिडला, ओरडला आणि कामाला लागला. एवढंच.

"शेठ फाईल कुठे ठेवायचा?" मी विचारलं.

"मांडीपाशी. जेवायला बसला की हौदावर, डब्याच्या बाजूला. कोणाला हात नाही लावू देत. झोपतानाही उशाला घेतो म्हणून शेठाणी हसायची."

"खुंटीला कधी टांगायचा?"

रूपलीबाईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खुळी आहे. "मोटारीच्या खोलीत एकच खुंटी आहे. तिला बाज्याचा कोयता असतो. फाईल कुठे टांगेल?"

मी चहाचा कप खाली ठेवला. खुंटी एकच असेल, तर कोयता काढल्याशिवाय फाईल तिथे टांगता येत नाही. ज्या हाताने कोयता उचलला त्याच हाताने फाईल टांगली होती. आणि घाव घालण्याआधी टांगली होती, नाहीतर तिच्यावर रक्ताची बोटं उठली असती.

मी वळवींना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, सोमवारी मला बाज्याला कोर्टापुढे उभं करायचंय. मी वळवी, आदिवासीच. मी पावरा नाही, पण गावाला मी त्याच्याच गोतातला वाटतो. नुसत्या खुंटीवर सोडला, तर माझी वर्दी उतरवतील आणि त्याला दवाखान्यातून ओढून काढतील. मला खुंटी नको, माणूस द्या."

आज शुक्रवार होता. रूपलीबाई टेबलाच्या कडेला दोन्ही हात घट्ट धरून उभी होती. ती मला यातून सुटू देणार नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही सुटायचं नव्हतं.

३

छगनच्या घरी सुतकाची माणसं बसली होती. मी गुजरच, त्यामुळे मला कोणी अडवलं नाही.

ओट्यावर धुडकू होता, छगनचा चुलतभाऊ. मानेची शीर टम्म फुगलेली. बाज्याला मारण्यात आणि झोपडी पेटवण्यात तोच पुढे होता, आणि ते तो सांगतही होता.

"मीच मारं त्याले! दुसरा डोया बी फोडी टाकतू, पन फौजदार आडवा उना."

"तुम्हाला कसं कळलं त्यानेच केलं?"

"रगत व्हतं ना आंगवर! आनखी काय पाहिजे?" मग आवाज खाली आला. "बाई, छगन गया आसता तं त्यानी आख्खी वावर मी कसाले लेतू. बोलनं व्हयेल व्हतं. आते ललित देवाव नही. मन्हंच नुकसान शे, समजनं का?"

समजलं. या माणसाला छगन जिवंत आणि अमेरिकेत हवा होता. माणूस कितीही आडदांड असला तरी स्वतःच्या पायावर असा धोंडा पाडून घेणार नाही.

कामिनी आतल्या खोलीत भिंतीला डोकं टेकून बसली होती. बी.एस्सी. झालेली पोरगी. डोळे रडून सुजलेले. "वकीलताई, माझं सगळं संपलं ना? सातवी अट. मी तेव्हाच पप्पांना म्हटलं, तुम्ही मोटारसायकलवर जपून जात जा. त्यांनी हसून मला टपली मारली." मग ती एकदम रागावली. "मला पप्पा गेल्याचं रडू येतं की व्हिसा गेल्याचं, तेच कळत नाही. मी किती वाईट आहे!"

मी तिच्या पाठीवर हात फिरवला. ती वाईट नव्हती. बावीस वर्षांची होती.

ललित मागच्या अंगणात एकटा उभा होता. उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत नवंकोरं पांढरं प्लास्टर.

"हे कशानं?"

"बापानी मोडी." त्याने नजर वर केली नाही. "परवा सांजले. मी म्हनं, माले बी लयी जा, काहीतरी खटपट करा. त्यानी मोटारना पाना उचला आन हात भितवर धरीसन ठोका. तीन बोटे. मन्ही बायको आडी पडनी तं तिले लाथ मारी. ती दोन महिन्यानी पोटुशी शे, म्हनीसन तिले माहेर धाडी दिधं."

"आणि तुमची आई?"

"माय मझारमा उनी. तिले बी मारं. तिले तं रोजनंच."

हे सगळं गावाला ठाऊक होतं. मलाही होतं. याआधी या घरी आले तेव्हा सरलाबाईंच्या दंडावरचे वळ मी पाहिले होते आणि डोळे पुन्हा कागदात घातले होते. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये असं म्हणतात. त्या म्हणीमागे मी बरीच वर्षं लपले.

सरलाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. मला बघून उठल्या आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. कपाळ नुकतंच पुसलेलं, चेहरा कोरडा. अकराला डबा नेला, हौदावर ठेवला आणि परत आले, एवढंच त्यांनी वळवींना सांगितलं होतं. मलाही तेच सांगितलं.

निघताना वळवींचा निरोप आला. पंचनामा झाला होता, आता ठाण्यात येऊन फाईलमधले कागद मोजून द्यायचे होते. माझ्याकडे यादी होती. त्रेचाळीस कागद आणि तिघांचे फोटो. मी मोजले, पुन्हा मोजले. त्यातून गेलेलं काहीच नव्हतं. उलट एक पाकीट जास्त होतं.

४

पाकिटात चार फोटो होते. पाच सेंटिमीटर लांब, पाच सेंटिमीटर रुंद, मागे पांढरं स्वच्छ. आपल्याकडे कुठल्याच फॉर्मला असला चौकोनी फोटो लागत नाही. हा अमेरिकेच्या व्हिसाचा साईझ. आणि चारही फोटोंतून ललित माझ्याकडे बघत होता.

वळवी ताडकन उठले. "झालं! बापाच्या जागी स्वतःचे फोटो घालून ठेवले. तुमचंच खरं ठरलं ताई, मारणाऱ्याला फाईल हवी होती."

"थांबा. मला एकदा मोठ्याने बोलू द्या, नाहीतर माझं मलाच कळत नाही." मी खुर्ची ओढली. "ज्याला हे जाणं मोडायचं होतं त्याने फाईल हौदात बुडवली असती. बाज्यासारख्या रागावलेल्याला ती दिसलीही नसती. ही फाईल जपून टांगली. म्हणजे छगन मेल्यावरही ती चालणार, असं त्या माणसाला वाटत होतं. सातवी अट ज्याला ठाऊक नाही असा माणूस."

"ललित! तो अर्जात नव्हता. तुम्ही त्याला वाचून दाखवलंच नव्हतं."

"पण त्याची तीन बोटं मोडलेली आहेत. उजव्या हाताची. मानेचा घाव बघितलात ना? एका दमात हाड तोडून गेलाय."

वळवींनी तरी ललितला बोलावलं आणि दोन तास धारेवर धरलं. निघालं ते असं. गुरुवारी सकाळी साडेदहापासून दुपारी दीडपर्यंत तो शहाद्यात हाडांच्या डॉक्टरकडे होता. एक्स-रेवर वेळ छापलेली, प्लास्टर घालणारा कंपाउंडर साक्षीला. दवाखान्यात त्याने कळवळून एवढा आरडाओरडा केला होता की रांगेतल्या माणसांनाही तो आठवत होता.

"आणि हे फोटो?" मी विचारलं.

त्याने ते हातात घेतले आणि गोंधळून पाहिले. "हाई तं मायनी काढी लिधात. मांगला आठवडामा. शेतकरी कार्डले लागतस म्हने."

आम्ही तिघं त्याच पावली स्टँडसमोरच्या स्टुडिओत गेलो. मालक एक बोलघेवडा म्हातारा. त्याला विचारायचीही गरज पडली नाही.

"ती बाई? कशी विसरेन! पोराला खुर्चीत बसवलं आणि मला पदराखालून एक फोटो दाखवला. कोणा मिशीवाल्याचा. म्हणे, याच मापाचा काढा, एक सूतसुद्धा कमी नको. मी म्हटलं, बाई, हा तर अमेरिकेचा साईझ. ती म्हणाली, मला माहीत आहे."

ललित दुकानाच्या पायरीवर मटकन खाली बसला. फोटोच्या तारखेला छगन जिवंत होता, आणि अजून आठ दिवस जिवंत राहणार होता. बोटं मोडण्याच्या कितीतरी आधी सरलाबाईंनी मनाशी काहीतरी ठरवलं होतं.

ठाण्यात परतल्यावर मात्र वळवींनी माझ्यासमोर एक कागद सरकवला. आवाज फार थंड होता.

"बाई अर्जात आहे, ताई. नवरा मेला की तिचाही व्हिसा जातो, हे तिला दिवाळीपासून ठाऊक आहे. हा तिचा अंगठा. आणि खाली लिहिलंय, 'सर्व अटी माझ्यासमक्ष वाचून दाखवल्या, अर्जदारांना समजल्या.' सही रमिला चौधरी, शिक्का रमिला चौधरी. तिचा वकील हा कागद कोर्टात नाचवेल. सांगा, कोण खोटं? ती की हा कागद?"

५

मी त्या अंगठ्याकडे पाहत बसले. ठसा स्वच्छ नव्हता. त्याच्या भोवती कागद पारदर्शक झाला होता, तेलाने.

भजी! मी ओट्यावर वाचत होते. छगन आणि कामिनी खुर्चीवर. सरलाबाई आत कढईपाशी. माझ्यासाठीच तळत होत्या. वाचून संपल्यावर मीच कामिनीला म्हणाले होते, "आईचा अंगठा आतूनच आण गं, तिला कशाला उठवायचं?" शाईचा पॅड आत गेला आणि ठसा बाहेर आला. त्या बाईने सातवी अट कधी ऐकलीच नव्हती. सातवीच काय, पहिलीही नाही. पंचवीस वर्षांत असे किती अंगठे मी चुलीपासून मागवले असतील, देव जाणे. बाप्यांना वाचून दाखवायचं, बायकांचा अंगठा घ्यायचा.

"कागद खोटा आहे," मी म्हणाले. "चला. तुमच्यासमोर तिला एकच प्रश्न विचारते."

सरलाबाई अजून चुलीपाशीच होत्या. वळवी दारात उभे राहिले, ललित त्यांच्या मागे.

"सरलाबाई, मुंबईला मुलाखतीला आता कोण जाईल?"

"लाल्या," त्या लगेच म्हणाल्या. जसं काही मी पाहुण्यांची विचारपूस करत होते. "त्याना बापनी जागावर लाल्या. मी, लाल्या आन कामिनी. मंग सूनले मांगून लयी जासूत."

"तो कसा जाईल?"

"वारस शे ना तो. मन्हा सासरा मरना तं पंधरा दिनमा सातबारावर यासनं नाव लागनं. रेशन कार्डवर लागनं. विहीर, मोटारनं बिल, सोसायटी, समदं यासना नाववर व्हयनं. मानूस मरस, कागद थोडा मरस? मांगे पोऱ्या ऱ्हास तं त्यानं नाव लागस." त्यांनी माझ्याकडे जरा अविश्वासाने पाहिलं. "तुम्ही वकील शेतस ना? तुमले म्हाईत नही?"

मला हसू आलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या सगळ्या तालुक्याचा हाच कायदा. त्यात त्यांचं काय चुकलं होतं?

"तुम्ही मारलं त्यांना?" वळवींनी विचारलं.

त्यांनी ललितच्या प्लास्टरकडे पाहिलं. नाकारायचा विचार त्यांच्या मनात होता, तो तिथेच गळून पडला.

"बत्तीस वरीस मार खाधा, त्यानं काही नही," त्या म्हणाल्या. "मी तं म्हातारी व्हयी गयी. पन तो म्हने लाल्याले आठेच सडू दे. मी मनमा धरेल व्हतं, पन हात उठे ना. मंग बोटे मोडी त्यानी. कटकट आवाज उना, माले आयकू उना. दुसरा दिन डबा लयी गवू. तो जेवना. हात धवाले वाकना. मी फाईल उचली, लाल्याना फोटो तिन्हामा घालात, कोयता काढा, फाईल खुटीवर टांगी. रगत लागतं तं कागद वाया जातात. मंग घाव घाला. तो खाले पडना तरी मन्हाकडे देखे, म्हनीसन आनखी घाला."

"आणि बाज्या?" मी ओरडले. "बाज्याचा डोळा गेला! त्याची झोपडी जाळली. तुम्ही गप्प बसून पाहत होतात!"

पहिल्यांदाच त्यांची मान खाली गेली. "मी सांगनार व्हतू. लाल्या विमानमा बठना का सांगनार व्हतू."

तेव्हा मी सांगितलं. सगळं, त्यांच्या बोलीत, हळू, एकेक शब्द. माणसाबरोबर हा कागद मरतो. वारसाचं नाव लागत नाही. लाल्या कुठेच जाणार नाही, कामिनीही नाही. छगन मेला त्याच क्षणी फाईल रद्दी झाली.

त्यांनी मला तीन वेळा विचारलं, "खरं?" तीन वेळा मी हो म्हणाले. मग त्यांनी चुलीतलं जळतं लाकूड उचललं. मला वाटलं मला मारणार. त्यांनी ते स्वतःच्या उजव्या तळहातावर दाबून धरलं. कातडी जळल्याचा वास आला. ललितने धडपडत येऊन डाव्या हाताने ते ओढलं, दोघंही पडले, आणि सरलाबाई जमिनीवर डोकं आपटत किंचाळू लागल्या. छगनच्या नावाने नव्हे. माझ्या.

"वाचं नही! तू वाचीसन सांगं नही माले!"

६

शनिवारी मी माझा जबाब दिला. अंगठा माझ्यासमोर घेतलेला नाही, अटी वाचून दाखवलेल्या नाहीत, खालचा मजकूर खोटा आहे, सही माझी आहे. वळवींनी लिहून घेतलं आणि पेन बंद केलं.

"ताई, हे बार कौन्सिलकडे जाणार. सनद राहायची नाही."

"हातचं राखून सांगितलं तर बाज्या सुटेल का?"

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. मी सही केली. धंदा गेला याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? घरी जाऊन मी उशीत तोंड खुपसून रडले. पण जास्त रडले ते बाज्याच्या डोळ्यासाठी.

सोमवारी बाज्याचं नाव गुन्ह्यातून निघालं. मी नंदुरबारच्या दवाखान्यात गेले. खाटेवर तो पट्ट्यांत गुंडाळलेला, श्वास घेताना बरगड्यांवर हात धरून. मी हात जोडले. त्याने उरलेल्या डोळ्याने मला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. रूपलीबाई मात्र वळली नाही.

"फौजदाराने तुझा कागद मला सांगितला," ती म्हणाली. "तू तिला वाचून दाखवलं असतं, तर शेठ जगला असता. माझ्या माणसाचा डोळा राहिला असता."

"हो," मी म्हणाले.

"माफी कागदावर लिहिली. कागद ठाण्यात आहे. गावाला कुठे माहीत आहे? गाव अजून म्हणतं, पावऱ्याने मारला, पैसे देऊन सुटला. आम्ही परत कसे जायचे? तू गावात चल. सगळ्यांना सांग. तोंडाने सांग."

"गाव मला फाडून खाईल, रूपलीबाई. छगनच्या बायकोला मी अडकवलं, असं म्हणतात ते."

"मला जाळत होते तेव्हा तू कुठे होती?"

मी चप्पल घातली.

ग्रामपंचायतीसमोरच्या ओट्यावर मी चढले तेव्हा ऊन टळटळीत होतं. दवंडीची गरज पडली नाही. वकीलबाई आली एवढं कळताच पार भरला. धुडकू पुढे. बायका दारांच्या आड उभ्या, पदर ओढून. रूपलीबाई माझ्या डाव्या हाताला, एकटी. कोर्टात मी कधी इतकी घाबरले नव्हते.

मी बोलायला सुरुवात केली. छगनला बाज्याने मारलं नाही, त्याने फक्त मालकाचं डोकं मांडीवर घेतलं. छगनला सरलाबाईने मारलं. तिला वाटलं मुलाचं नाव लागेल. तसं लागत नाही हे तिला सांगणं माझं काम होतं, आणि मी सांगितलं नाही. तिचा अंगठा मी न वाचता घेतला.

"बंद कर!" धुडकू गरजला. "घरनी बाईले खुनी ठरावस! त्या पावऱ्याकडून काय खाधं तू?"

पहिला दगड माझ्या भुवईवर बसला. गरम रक्त डोळ्यात उतरलं, आणि क्षणभर मला वाटलं, माझाही डावा डोळाच गेला. मी खाली बसणार होते. पण समोरच्या दारातून एक म्हातारी, फुलीबाई, पदर मागे टाकून बाहेर आली आणि मोठ्याने म्हणाली, "आयकू द्या आमले. आमना बी आंगठा लिधेल शे हिनी."

दुसऱ्या दारातून दुसरी बाई आली. मग तिसरी.

मी तोंड पुसलं आणि पहिल्यापासून पुन्हा सांगू लागले, या वेळी त्यांच्याकडे वळून. धुडकूच्या हातात दुसरा दगड होता. तो त्याने भिरकावला, आणि तो रूपलीबाईच्या खांद्यावर बसला. ती जागची हलली नाही, म्हणून मीही हलले नाही, आणि माझं बोलणं पुरं झालं.